मागून गाडी येतेय

जोडगाडी डेपोच्या फाटकातून आत शिरली तेव्हा तिचं तोंड पाण्याच्या टाकीपाशी पोचलं होतं आणि शेपूट अजून रस्त्यावरच होतं. दोन बसगाड्या एकमेकींना शिवून टाकल्यासारख्या, आणि मधल्या सांध्याला लोहाराच्या भात्यासारखी काळी रबरी घडी. वळताना ती घडी एका अंगानं मिटायची, दुसऱ्या अंगानं फुगायची. ड्रायव्हर मंडळी चहाचे कप हातात तसेच धरून उभी राहिली. गाड्या धुणाऱ्यानं पाण्याचा पाइप स्वतःच्याच बुटात सोडला, तरी त्याला पत्ता नाही.

"आयला, ही बस म्हणायची का लांबडं?" कुणीतरी बोललं, आणि तिथल्या तिथं तिचं नाव पडलं. लांबडी.

सगळे एकदम बोलत होते. गप्प होती ती एकटी सुसाटबाई. ती गाडीभोवती पुरी चक्कर मारून आली. टायरांना लाथ घालून पाहिली, भात्यावरून हात फिरवला, आरशात स्वतःचं तोंड बघून घेतलं आणि बाजारात म्हैस पसंत पडलेल्या माणसासारखी पुढं येऊन उभी राहिली.

"ही माझी," ती म्हणाली.

"वहिनी, अजून निवड व्हायचीय," मागून तिचा दीर म्हणाला. तोही त्याच डेपोत ड्रायव्हर. "आणि निवडीच्या आधी चाचणी द्यायचीय."

"मग देऊ की. घाबरवता कुणाला, भावजी?"

निवड म्हणजे या डेपोची जुनी रीत. कॉलेजचं सत्र सुरू व्हायच्या आधी सगळे ड्रायव्हर मोठ्या खोलीत जमायचे. भिंतीवरच्या फळ्यावर सत्रभराच्या ड्यूट्या खडूनं मांडलेल्या. नोकरीत जो सगळ्यात जुना तो पहिल्यांदा उभा राहणार आणि हवी ती ड्यूटी तोंडानं मागणार. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. शेवटच्या बिचाऱ्याला काय उरेल ते. आणि एकदा तोंडातून शब्द सुटला की सुटला. परत घेणं नाही, बदली नाही, रडारड नाही. सत्र संपेपर्यंत जे मागितलं ते निभवायचं. मागच्या सुट्टीत म्हातारा हेडड्रायव्हर घरी बसला आणि सुसाटबाईच्या वर कुणी उरलं नाही. तिच्या खालोखाल तिचा दीर. म्हणजे लांबडी तिला तरी मिळणार, नाहीतर त्याला. दिरानं पुढच्या दोनच दिवसांत चाचणी पास केली आणि तेव्हापासून तो डेपोत पाय जमिनीला न टेकवता चालत होता.

आता ही बाई सुसाट कशी झाली ते सांगायला हवं, कारण गाडी ती काही सुसाट चालवत नसे.

शेतकऱ्याची लेक. बापाच्या ट्रॅक्टरवर बुडाखाली पोतं ठेवून बसायची, तेव्हा कुठं पाय क्लचला लागायचे. मागं ट्रॉली लावून बांधाबांधानं ती अशी वळवायची की बाप लांबून बघत नुसता विडी विसरायचा. लग्न होऊन या गावात आली. नवऱ्याचं कॉलेजच्या वसतिगृहाच्या दाराशी इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल आणि वर पत्रा. घरात दोन पैसे जादा यावेत म्हणून ती डेपोत गाड्या झाडायला लागली. झाडून झालेली गाडी धुवायच्या जागी न्यायला ड्रायव्हर आळस करायचे. मग हीच न्यायची. एकदा डेपोच्या साहेबांनी खिडकीतून पाहिलं तर अख्खी बस अंगणातून चाललीय आणि आत माणूस नाही. साहेब चप्पल न घालता धावले. जवळ गेले तर स्टेअरिंगच्या वर नुसता अंबाडा. साहेबांनी आधी शिव्या दिल्या, मग पाणी प्यायले, मग तिला लायसन काढायला धाडलं.

गाव म्हणजे कॉलेजचं गाव. खाली स्टेशन, वर टेकडीवर कॉलेज, आणि मधे एकच चढाचा रस्ता. सुट्टी लागली की गावाचं पोट खपाटीला जायचं. सत्र सुरू झालं की टम्म. त्या रस्त्यावरची एक नंबरची गाडी सुसाटबाईकडं वर्षानुवर्षं होती, कारण ती कुणालाच नको असायची. स्टेशनवर निम्मी भरायची, पुढच्या थांब्यावर उरलेली निम्मी, आणि त्यानंतर टेकडीपर्यंत जेवढे थांबे, तेवढ्यांवर नुसती पोरं उभी. पाठीवर पिशव्या, हात वर. आणि ही त्यांच्यासमोरून गाडी काढायची. करणार काय? दार उघडलं तर पुन्हा लागायचं नाही. मग दुनियेतले सगळे ड्रायव्हर करतात तेच ती करायची. डावा हात काचेपाशी न्यायचा आणि अंगठा खांद्यावरून मागं दाखवायचा. म्हणजे, मागून गाडी येतेय, रिकामी आहे, तीत बसा.

मागून काही येत नसायचं. मागून धूळ यायची.

पोरांनी तिला सुसाट नाव ठेवलं ते यामुळं. तिला ते बरेच दिवस कौतुकच वाटत होतं. एके दिवशी नवरा दुकानातून आला आणि म्हणाला, "आज एक पोरगा सांगत होता, ती सुसाटबाई मेल्याहून मेली आहे, माणसं दिसत नाहीत तिला. मी त्याच्याच शर्टाला इस्त्री करत होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कॉलर जरा जास्त कडक केली."

ती जेवली, झोपली, सगळं केलं. फक्त त्या दिवशी भांडी घासल्याचा आवाज चार घरं पलीकडं गेला. आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. एक दिवस अशी मोठी गाडी मिळावी की टेकडीपर्यंतचं प्रत्येक पोर आत मावावं आणि आपला हा खोटारडा अंगठा एकदाचा खिशात जावा. म्हणून लांबडी तिला पाहिजे होती. मिरवायला नव्हे. बरं, थोडी मिरवायलाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी नवरा तिच्या गणवेशाला इस्त्री करत होता आणि दीर चहाला येऊन बसला होता. राहायला शेजारच्याच खोलीत, त्यामुळं चहा इथला हे ठरलेलं.

"वहिनी, एक सांगून ठेवतो," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "लांबडीला शेपूट आहे. तुम्ही वळलात तरी ते वळलेलं नसतं. माझं काल थोडक्यात वाचलं."

"शेपूट सांभाळायची सवय मला लग्नापासून आहे, भावजी. तुमचे दादा पुढं, तुम्ही मागं."

नवरा हसला आणि इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, पण खरंच जमेल ना?"

"का? तुम्हाला लाज वाटेल?"

"मला कसली लाज? हा इथं बसून रोज लांबडीच्या गोष्टी सांगेल, त्याची भीती वाटते."

"सांगणारच!" दीर म्हणाला. "सत्रभर सांगेन. रोज. चहा पिताना."

सकाळी चाचणी. घ्यायला आले होते पट्टीसाहेब. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून हे नाव. चाक आणि फुटपाथ यांच्यात किती अंतर राहिलं ते स्वतः वाकून मोजायचे. बोलायचे कमी आणि कागदावर खुणा करायचे जास्त. गाडीच्या समोरच्या काचेवर 'चाचणी' अशी पाटी लावली. साहेब ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चला. गाडी रिकामी आहे, रस्ता रिकामा आहे. सत्र सुरू व्हायला अजून अवकाश आहे. घाई नाही."

सुसाटबाईनं लांबडी बाहेर काढली. पहिल्या वळणावर तिनं आरशात बघितलं तर शेपूट अजून डेपोतच, आणि मग ते मागून झोकात, उशिरानं पण ऐटीत आलं. बाजारपेठेतून नेली. चौकातून फिरवली. दुकानदार ओट्यावर येऊन बघायला लागले. एक न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर आला. पट्टीसाहेबांनी कागदावर खुणांवर खुणा केल्या आणि एकदा चक्क मान हलवली. सुसाटबाईचे हात लोण्यासारखे चालले होते.

आणि स्टेशनचा थांबा आला.

सत्राला अवकाश होता हे खरं. पण पहिल्या वर्षाची नवी पोरं वसतिगृहात राहायला आधी येतात, हे साहेबांच्या ध्यानात नव्हतं. आगगाडी नुकतीच लागली होती. थांब्यावर ही गर्दी! ट्रंका, बादल्या, टेबलफॅन, एकाच्या काखेत काटेरी निवडुंगाची कुंडी. एक गादीची गुंडाळी उभी होती आणि तिला खालून दोन पाय फुटले होते. तेवढ्या गर्दीनं पाटीबिटी काही वाचली नाही. मोठी गाडी दिसली, रिकामी दिसली, सगळ्यांनी हात वर केले.

पुढं जे झालं ते सुसाटबाईनं केलं असं म्हणता येणार नाही. पायानं ब्रेक दाबला. हातानं गाडी थांब्याला अशी लावली की पायरी बरोबर फुटपाथशी. अंगठ्यानं दाराचं बटण दाबलं. फुस्स करून तिन्ही दारं उघडली, आणि तिचं डोकं जागं झालं तेव्हा निम्मी गर्दी आत होती.

"ही कॉलेजला जाते ना?" गादीच्या गुंडाळीतून आवाज आला.

"नाही!" पट्टीसाहेब ओरडले.

"जाते," सुसाटबाई त्याच वेळी म्हणाली.

गादीनं बाईचं ऐकलं आणि आत आली.

"उतरा! सगळे खाली उतरा! ही चाचणीची गाडी आहे!" साहेब उभे राहून ओरडत होते. त्यांच्या हातात एका बापानं बादली दिली आणि म्हणाला, "जरा धरा हो, मी ट्रंक चढवतो." साहेबांनी धरली. माणूस सवयीनं धरतो.

दारं लागली. साहेब बादलीसकट पुढं आले. "बाई, हे काय केलंत?"

"थांबा आला, साहेब."

"थांबा आला म्हणून?"

"माणसं होती."

"ही चाचणी आहे, कळतंय का तुम्हाला?"

"डोक्याला कळतंय. पायाला कुणी सांगितलं नव्हतं."

मागं रिक्षा आणि टेम्पो हॉर्न मारायला लागले होते. एवढ्या सामानासकट ही वरात उतरवायची तर तिथंच दुपार झाली असती. साहेबांनी बाहेर बघितलं, आत बघितलं, हातातल्या बादलीकडं बघितलं आणि खाली बसले. "चला वर. वर गेल्यावर बोलू."

त्या 'बोलू'चा अर्थ तिला चांगला कळला. गेली लांबडी. दिराच्या चहाच्या गोष्टी तिला आत्ताच ऐकू यायला लागल्या. पण मागं एवढी जिवंत पोरं बसलेली, खिडक्यांतून माना बाहेर, एकजण गाणं म्हणतोय, दोन जणी भात्यातल्या फिरत्या चकतीवर उभ्या राहून गाडी वळली की किंचाळतायत. रडायला वेळ कुणाला होता!

"ए, चकतीवरच्या! गादी आत घे! आणि निवडुंगवाल्या, तुझं झाड त्या आजोबांच्या मानेत घुसतंय!"

पुढचा थांबा आला. तिथंही गर्दी. सुसाटबाईनं आरशात पाहिलं. लांबडी, एवढी मोठी लांबडी, शेपटापर्यंत ठेचून भरलेली. ट्रंकेवर ट्रंक, मांडीवर माणूस. तिळाला जागा नाही. आणि तिचा डावा हात आपोआप काचेपाशी गेला, अंगठा खांद्यावरून मागं. गाडी पुढं निघाली. आरशात एक पोरगी पेटी ओढत चार पावलं धावली आणि थांबली.

"अंगठा कशाला दाखवलात?" साहेबांनी विचारलं.

"मागून गाडी येतेय म्हणून."

"येतेय का?"

"नाही."

"मग?"

"सगळेच दाखवतात, साहेब."

साहेबांनी कागदावर एक खूण केली. एवढी वर्षं सुसाटबाईला वाटत होतं, गाडी लहान आहे म्हणून. आता गाडी दुप्पट झाली, तर पोरंही दुप्पट झाली. पण विचार करायला रस्त्यानं सवड दिली नाही, कारण कोपर आलं.

कोपर म्हणजे वाचनालयापाशी रस्ता जिथं हाताच्या कोपरासारखा वळतो ती जागा. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दिव्याचा खांब, आणि वर चढ. दिरानं परवा ते रिकाम्या गाडीनं काढलं होतं. आज गाडी खच्चून भरलेली, शेपूट जड, आणि त्यात कहर म्हणजे खांबापाशी पुस्तकांचा ट्रक खोके उतरवत उभा.

"थांबवा," साहेब म्हणाले. "ट्रक हलू द्या."

"चढावर थांबवली तर एवढ्या ओझ्यानं मागं घसरेल, साहेब." आणि मान न वळवता तिनं हाळी दिली, "पोरांनो, माना आत! हात आत! जी काही वस्तू बाहेर आहे ती आत! आणि कुणी हलायचं नाही!"

तिनं गाडीचं तोंड सरळ दगडी भिंतीवर नेलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. पुढच्या सीटवरच्या बापानं डोळे मिटले. भिंतीतले दगड मोजता येतील एवढी भिंत जवळ आली, आणि तिथं तिनं चाक फिरवलं, बाहीतून खांदा निघेस्तोवर फिरवलं. भाता एका अंगानं मिटला, दुसऱ्या अंगानं टरारून फुगला. चकतीवरची गादी गोल फिरली. ट्रकवरचा हमाल हातातल्या खोक्यासकट मागं सरकला. साहेब खिडकीतून अर्धे बाहेर, ओरडतायत, "खांब! खांब! खांब!" आणि शेपूट खांबाला न शिवता, ट्रकला न शिवता, लाजऱ्या नवरीसारखं अंग चोरून आत आलं.

पोरांनी जो गिल्ला केला! पत्र्याला, सीटला, ट्रंकांना, हाताला लागेल त्याला बडवलं. निवडुंगवाल्यानं शेजारच्या आजोबांना मिठी मारली आणि दोघं एकदमच ओरडले.

कॉलेजपाशी गाडी लागली. सामान उतरलं, माणसं उतरली. जाता जाता प्रत्येकजण सांगत होता, "येतो हं, मावशी!" पट्टीसाहेबांनी बादली बापाला परत केली, खाली उतरले, वाकून चाक आणि फुटपाथ यांच्यातलं अंतर मोजलं, पट्टी मिटली आणि वर आले.

"नापास ना?" सुसाटबाई म्हणाली.

साहेब कागद वर-खाली बघत होते. "थांबा बरोबर. दार बरोबर. चढ बरोबर. कोपर..." त्यांनी कागद आडवा धरला. "कोपर बघताना मी कागदावर रेघोट्या मारल्या, तेवढं सोडा. आता प्रवासी घेतले याचे गुण कापायचे, तर त्याला रकानाच नाही. आजवर असला मूर्खपणा कुणी केला नाही, म्हणून कुणी छापला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पास. आणि बाई, पुढच्या वेळी थांबा आला तर निदान मला विचारा."

दुपारी निवड. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोपरची गोष्ट आधीच पोचली होती, आणि पोचेपर्यंत खांब दोन झाले होते आणि ट्रक तीन. फळ्यापाशी कंट्रोलर खडू घेऊन उभा. सगळ्यात वर लांबडी. मग बाजारपेठ, दवाखान्याची गोल फेरी, वस्तीची गाडी. आणि तळाला, अगदी कोपऱ्यात, एक नवी ओळ होती: जादा. लांबडी आल्यामुळं एक नंबरची जुनी खटारा गाडी मोकळी झाली होती, ती सकाळच्या गर्दीला हाताशी ठेवायची. ड्यूटी तुकड्यातुकड्यांची. दोन तास चालव, तीन तास बस, पुन्हा चालव. ती शेवटच्या नव्या पोराच्या गळ्यात पडणार हे उघड होतं, आणि ते नवं पोरगं आत्तापासूनच तोंड पाडून बसलं होतं.

"सुसाटबाई," कंट्रोलर म्हणाला आणि न ऐकताच खडू लांबडीच्या पुढं नेला.

सुसाटबाई उठली. फळ्याकडं बघत राहिली. दीर जागच्या जागी हसून तयार होता. हरल्यावर कसं दिसायचं त्याचा त्यानं घरी सराव केला असावा.

"जादा," ती म्हणाली.

कंट्रोलरचा खडू लांबडीपाशीच अडला.

"बाई," कंट्रोलर म्हणाला, "नीट बघून बोला. परत घेता यायचं नाही."

"डोळे आहेत मला. जादा. आणि ती मोकळी बसवून ठेवायची नाही. लांबडीच्या पाठोपाठ सोडायची, रोज सकाळी."

"वहिनी, वेड लागलंय का?" दीर उठूनच उभा राहिला. "एवढी चाचणी पास झालात, लांबडी समोर आहे, आणि खटारा मागताय?"

"लांबडी भरते, भावजी. मी आज भरून आलेय. तिला आणखी एक शेपूट लावा, तेही भरेल. आपण एवढी वर्षं सगळ्यांना मागं बोट करून सांगतो, गाडी येतेय. एकदा तरी यायला नको?"

नवं पोरगं खुर्चीतल्या खुर्चीत टुणकन उडालं. मग दिराची पाळी आली आणि तो 'लांबडी' एवढं म्हणाला, पण आवाज असा निघाला की कंट्रोलरनं दोनदा विचारलं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग मला सांग, खटाराच घ्यायची होती तर एवढी जिवावरची चाचणी कशाला दिलीस?"

"आधी ठाऊक होतं का मला? आणि नापास होऊन घेतली असती, तर हे शेजारचे सत्रभर म्हणाले असते, वहिनींना जमली नाही."

"ते खरं," शेजारचे म्हणाले. चहा प्यायला आलेच होते.

सत्राची पहिली सकाळ उजाडली. गाव टम्म. लांबडी पुढं गेली, दीर ताठ बसलेला, टोपी चढवलेली. स्टेशनवर ती भरली. सुसाटबाई खटारा घेऊन मागं निघाली. इंजिन खोकत होतं, पण तिला असं झालं होतं की कधी एकदा पुढचा थांबा येतो. आज अंगठ्यापाठोपाठ खरोखर गाडी येणार! पोरं काय म्हणतील! उड्या मारतील!

थांबा आला. थांब्यावर चिटपाखरू नाही.

ती चक्रावली. गाडी लावली, दार उघडलं, इकडंतिकडं बघितलं. एक म्हातारा बाकावर पेपर वाचत होता.

"काका, पोरं कुठं गेली?"

"ती मोठी गाडी गेली ना आत्ता. ड्रायव्हरनं अंगठा दाखवला."

"मग?"

"मग काय? अंगठा दाखवला म्हणजे गाडी नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चालत निघाली सगळी."

सुसाटबाईनं कपाळावर हात मारला आणि मग तिला असं हसू आलं की गियर पडेना. एवढी वर्षं खोटं सांगून सांगून गावाला एवढं पक्कं शिकवून ठेवलं होतं की आता खरी गाडी आणली, तर घ्यायला माणूस नाही!

तिनं खटारा दामटली. चढावर पोरांची रांग चालली होती, घामाघूम, माना खाली. ती त्यांच्या बाजूनं चालीच्या वेगानं गाडी नेऊ लागली, दार उघडं टाकून.

"अरे, चढा!"

पोरांनी बघितलं आणि चालत राहिली. एकजण म्हणाला, "सुसाट आहे रे ती. थांबायची नाही. चिडवतेय."

"मेल्या, थांबतेय की! बघ, थांबले!" तिनं करकचून ब्रेक लावला. "चढ! ए लाल शर्ट, तुझ्या शर्टाला आमच्या घरची इस्त्री आहे, ओळखते मी! चढ म्हणते ना!"

लाल शर्टवाला बिचकत चढला. आत बघितलं. सगळ्या सीट मोकळ्या. त्यानं दारातून बाहेर डोकं काढलं आणि बोंब मारली, "अरे, खरी आहे! रिकामी आहे!"

मग काय विचारता! रांग मोडली. पुढं गेलेली पोरं उलटी धावत खाली यायला लागली, मागची वर धावायला लागली. सुसाटबाई दहा पावलं गाडी नेई, थांबवी, हॉर्न मारी, ओरडे. थांबे सोडून सगळीकडं थांबत तिनं तो अख्खा चढ वेचला. वाचनालयाच्या पायऱ्यांवर दोघी दम खात बसल्या होत्या, त्यांना उठवून घेतलं. एक प्राध्यापक सायकल हातात धरून चढत होते, ते सायकलसकट आत आले.

कॉलेजपाशी लांबडी रिकामी होऊन उभी होती. दीर टोपीनं वारा घेत होता. शेजारी खटारा येऊन लागली आणि दारातून पोरं सांडायला लागली. लाल शर्ट, पिशव्या, सायकल, प्राध्यापक, आणखी पोरं. संपेचनात.

"वहिनी! एवढी माणसं आणली कुठून?"

"तुमच्या अंगठ्यातून," सुसाटबाई म्हणाली. "आणि टोपी घाला, भावजी. खाली पुन्हा भरलेत थांबे. निघा तुम्ही, मी आलेच."

दिरानं टोपी घातली. लांबडी शेपूट सावरत चौकातून वळली. सुसाटबाईनं खटाराच्या इंजिनाला एक शिवी घातली, दोनदा चावी मारली, तिसऱ्यांदा ते लागलं, आणि तिनं तोंड उताराकडं वळवलं.